सायकलीच्या वाटा

परक्या गांवीं वाट विचारतांना माणसाला संकोच वाटत नाहीं. आपल्याच मुलुखांत ती विचारावयाची झाली म्हणजे मात्र जीभ अडखळते. परक्या माणसाचें अज्ञान स्वाभाविक असतें, आणि तें दूर करण्यांत सांगणाऱ्यालाही थोडें सुख मिळतें. परंतु ज्या जिल्ह्यांत जन्म झाला, ज्याच्या मुख्य गांवीं तीस वर्षें मुलांना इंग्रजी वाङ्मय शिकविलें, त्याच जिल्ह्यांतील एका टेंकडीच्या पायथ्याशीं उभें राहून "ही वाट कुठें जाते हो?" असें विचारणें म्हणजे त्या तीस वर्षांचा हिशेब भर रानांत देण्यासारखें आहे. आम्हांला हा हिशेब पन्नाशी उलटून गेल्यावर द्यावा लागला, आणि तो मागितला एका सायकलीनें.

झालें असें कीं, २०२३ च्या मे महिन्यांत आम्ही उभयतां मुलीकडे जर्मनींत गेलों. मुलगी व जांवईबापू नोकरीनिमित्त फ्रायबुर्ग शहरीं राहतात. हें शहर ज्या अरण्याच्या कुशींत वसलें आहे त्याचें नांव श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळें अरण्य. आमच्या विद्यार्थ्यांस तें 'ब्लॅक फॉरेस्ट' या नांवानें ठाऊक असतें. परंतु तें एका केकचें नांव आहे अशी त्यांची समजूत असते. आमचा परवाना नव्वद दिवसांचा होता. पहिल्या आठवड्यांत आम्हीं तेथील प्रार्थनामंदिराचा ११६ मीटर उंचीचा मनोरा पाहिला. रस्त्यांच्या कडेनें वाहणारे हातभर रुंदीचे पाण्याचे पाट पाहिले. आणि त्या पाटांत ज्याचा पाय चुकून पडतो त्याचें लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशीं होतें अशी तेथील लोकसमजूत ऐकल्यावर सौभाग्यवतींनीं आमचा दंड धरून चालण्यास आरंभ केला. दुसऱ्या आठवड्यांत पाहण्याजोगें फारसें उरलें नाहीं. मुलगी व जांवई सकाळीं कामावर जात, आणि आम्ही खिडकींतून समोरच्या डोंगराकडे पाहत बसत असूं. आमची ती स्थिति पाहून एका रविवारीं जांवईबापूंनीं तळघरांतून दोन सायकली बाहेर काढल्या व म्हणाले, "बाबा, चला."

सायकल या वस्तूविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नव्हतें. आमचे वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. आमच्या डोळ्यांपुढें सायकल येते ती काळी, बावीस इंची, मागच्या कॅरिअरला रबरी पट्ट्यानें बांधलेला डबा आणि पुढच्या हँडलला लोंबणाऱ्या पिशव्या अशी. आमच्या पिढींतील ज्या मुलांचें शिक्षण गांवांतून तालुक्यास व तालुक्यांतून जिल्ह्यास सरकत गेलें, त्यांच्या लेखीं ती गरिबीची खूण होती. नोकरी लागली त्या वर्षीं आम्हीं कर्ज काढून स्कूटर घेतली, आणि त्या दिवसापासून सायकलीवर टांग टाकली नाहीं. आतां जी सायकल पुढें आली ती मात्र निराळ्या कुळांतील होती. टायर मनगटाएवढे जाड, पुढें धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा, गिअर इतके कीं मोजतांना चुकावें, आणि मडगार्ड, कॅरिअर, स्टँड यांपैकीं एकही नाहीं. संसारी माणसाला लागणारें सर्व काढून टाकून उरलेली ती सायकल होती. ही डोंगरांत चालविण्यासाठीं असते, असें जांवईबापूंनीं समजाविलें.

पहिल्याच चढावर आमचा श्वास फुलला. मागून घंटी वाजली. बाजूला सरून पाहतों तों सत्तरीच्या दोन आजीबाई आपसांत गप्पा मारीत आम्हांला ओलांडून वर गेल्या. त्यांच्या सायकलींना विजेची मोटर बसविलेली होती असें सांगून जांवईबापूंनीं आमचें सांत्वन केलें. तें झालें नाहीं. मार्क ट्वेन १८७८ सालीं याच अरण्यांत हिंडून गेला व त्या प्रवासाचें पुस्तक त्यानें १८८० सालीं प्रसिद्ध केलें. पायीं प्रवास करण्याचा निश्चय करून निघालेला हा गृहस्थ बहुतेक वाट आगगाडी, घोडागाडी आणि होडी यांतून कापतो, हीच त्यांतली गंमत. ती वाचून आम्ही आजवर हांसत आलों होतों; त्या दिवशीं ती समजली.

परंतु उतारावर निराळेंच घडलें. देवदारासारख्या उंच झाडांच्या सांवलींतून, गळलेल्या पर्णसुयांच्या मऊ थरावरून सायकल खालीं धांवूं लागली, तेव्हां कित्येक वर्षांत विसरलेली एक गोष्ट आठवली: शरीर ही नुसती औषधें घालण्याची पिशवी नव्हे. त्या रात्रीं गुडघे दुखत असतांही आम्हींच विचारलें, "पुढच्या रविवारीं कोठें?"

चांगली जागा कोणती, याविषयीं जांवईबापूंची व्याख्या ठरलेली होती. चढ असा हवा कीं दम लागावा, पण थांबावें लागूं नये. उतार असा कीं भीति वाटावी, पण पडूं नये. वाट शक्यतों एका सायकलीपुरतीच असावी. आणि शेवटीं चहा किंवा कॉफी मिळावी. अशी जागा ते घरीं बसून शोधीत. समोर नकाशा असे. सारख्या उंचीचीं ठिकाणें जोडणाऱ्या रेषा त्यांत जेथें दाटीनें आल्या तेथें कडा, जेथें विरळ झाल्या तेथें माळ. ओपनस्ट्रीटमॅप नांवाचा हा नकाशा २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झाला. तो कोणत्याही सरकारनें काढलेला नाहीं; जगभरचे हौशी लोक आपापल्या भागांतील रस्ते, ओढे आणि पाऊलवाटा त्यांत भरीत असतात. त्यावर वाटेच्या कठीणपणाचीही इयत्ता दिलेली असते. एस-शून्य म्हणजे नितळ वाट; एस-एक म्हणजे थोडीं मुळें व खडे; असें चढत चढत एस-पांचपर्यंत जातां येतें. आम्हीं शून्यापासून आरंभ केला व एकावर थांबलों.

त्या देशांत वाटेलाही कायदा आहे. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग प्रांताच्या वनकायद्याप्रमाणें दोन मीटरांहून अरुंद वाटेवर सायकल चालविण्यास मनाई आहे. मुद्दाम खुल्या केलेल्या कांहीं वाटा तेवढ्या अपवाद. पायीं हिंडणाऱ्यास मात्र अरण्य मोकळें असतें, मग तें एखाद्याच्या खासगी मालकीचें कां असेना. हा कायदा आम्हांला जांवईबापूंनीं सांगितला होता. पण दोन मीटर म्हणजे किती, हें एके दिवशीं प्रत्यक्ष समजलें. आम्ही एकटेच शाउइन्सलांड या १२८४ मीटर उंचीच्या डोंगराच्या अंगानें चाललों असतां एका वळणावर हातांत काठी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ आडवे आले. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं काठी झाडाला टेकविली व दोन्ही हात पसरले. उजव्या हाताचीं बोटें एका खोडाला लागलीं, डाव्या हाताचीं दुसऱ्या. मग त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. मोजणीची याहून सुबोध पद्धत आम्हीं पाहिली नाहीं.

आम्ही खालीं उतरलों, क्षमा मागितली, आणि परत फिरूं लागलों. तेव्हां ते इंग्रजींत म्हणाले, "परत कशाला जातां? सायकल ढकलीत नेण्यास मनाई नाहीं." मग ते आमच्याबरोबरच चालूं लागले. पूर्वीं ते वनखात्यांत होते. ते म्हणाले कीं, ज्या रुंद वाटांवर तुम्हांस सायकल चालवितां येते त्या सर्व लांकूड वाहण्यासाठीं पाडलेल्या आहेत. ही अरुंद वाट खाणकामगारांची. या डोंगराच्या पोटांतून माणसांनीं शतकानुशतकें रुपें, शिसें आणि जस्त काढलें. १९५४ सालीं तें काम बंद झालें. "ते या वाटेनें कामावर जात, तुम्ही मौजेसाठीं येतां. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र ठाऊक असावें." इतकें बोलून त्यांनीं काठी उचलली व ते झाडींत दिसेनासे झाले. शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य गेल्यामुळें चांगला धडा कोणता हें आम्हांला कळतें; हा चांगला होता, लहानही होता.

धड्यानंतर परीक्षाही झाली. पुढच्या वळणावर एका लांकडी पन्हळींतून झऱ्याचें पाणी पडत होतें व वर पाटी होती. तीवरील दोन शब्दांपैकीं 'पिण्याचें पाणी' हा दुसरा शब्द आम्हांला ठाऊक होता. म्हणून पोटभर प्यालों. पहिल्या शब्दाचा अर्थ 'नव्हे' असा होतो, हें घरीं मुलीनें सांगितलें. दोन दिवस आम्ही सायकलीवर बसलों नाहीं.

त्या सक्तीच्या विश्रांतींत, धंद्याच्या खोडीप्रमाणें, आम्ही सायकलीचा इतिहास वाचूं लागलों. कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थानें १८१७ च्या जून महिन्यांत मानहाइम येथें आपलें दुचाकी लांकडी वाहन प्रथम चालविलें. त्याला पायडल नव्हतें. पायांनीं जमीन मागें सारीत जावयाचें. त्याच वर्षीं तो तें वाहन घेऊन गेर्न्सबाखहून डोंगर ओलांडून बाडेन-बाडेन येथें गेला. म्हणजे दोन चाकांवरून डोंगर ओलांडण्याचा उद्योग याच काळ्या अरण्याच्या उत्तर टोंकाला सुरू झाला. त्यामागील कारणाविषयीं कांहीं इतिहासकारांचें एक मत आहे. १८१५ सालीं तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, पुढच्या वर्षीं युरोपांत उन्हाळा असा पडलाच नाहीं, पिकें बुडालीं, दाणावैरणीअभावीं घोडे पोसणें कठीण झालें, आणि म्हणून घोड्यावांचून चालणारें वाहन सुचलें. हें मत सर्वांस मान्य नाहीं. परंतु दुष्काळांतून सायकल जन्मली असावी ही कल्पना मराठवाड्यांतील माणसाला चटकन सोडवत नाहीं.

आजची डोंगरी सायकल त्यामानानें अलीकडची. कॅलिफोर्नियांतील टॅमल्पायस पर्वताच्या परिसरांत १९७० नंतरच्या दशकांत कांहीं तरुणांनीं जुन्या, जाड टायरांच्या, टाकाऊ सायकली जमविल्या व त्यांवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती १९७६ पासून लावल्या. उतरतां उतरतां मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं आंतलें वंगण जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. त्या वंगण भरण्यावरूनच शर्यतीला नांव पडलें. पुढें १९९६ सालीं हा खेळ ऑलिंपिकमध्यें गेला. पण ते तरुण ज्या वाटांवरून उतरत होते त्या कोणीं केल्या होत्या? वणवा विझविणाऱ्यांनीं, आपल्या गाड्या वर नेण्यासाठीं. लांकूडतोडे, खाणकामगार, वणवा विझविणारे. जेथें पाहावें तेथें कोणीतरी गरजेनें पाडलेली वाट आणि तीवरून मागाहून मौजेनें आलेला सायकलस्वार. त्या वृद्ध वनाधिकाऱ्याचें बोलणें आम्हांला पुस्तकांतही भेटलें.

ऑगस्टांत आम्ही परत आलों. आमच्या जिल्ह्याचें नांव त्याच सालीं उस्मानाबादचें धाराशिव झालें. हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंचीवर आहे. फ्रायबुर्ग तीनशेंच्याही आंत. म्हणजे तेथें तासभर घाम गाळून आम्ही ज्या उंचीला पोंचत होतों, त्या उंचीवर आम्ही येथें तीस वर्षें झोंपा घेत होतों. डोंगर शोधण्यास कोठें जावयाचें नव्हतें. आम्ही डोंगरावरच होतों. आम्हांला शोधावयाचा होता तो उतार.

सोलापुराहून आम्हीं एक गिअरची सायकल आणविली. पहिल्या दिवशीं एका सहकाऱ्यांनीं विचारलें, "डॉक्टरांनीं सांगितलें वाटतें?" महाविद्यालयाचा शिपाई काळजीनें म्हणाला, "सर, गाडी गॅरेजला टाकली का?" आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें भर रस्त्यांत आपला टेंपो थांबविला व सायकलीसकट आम्हांला घरीं पोंचविण्याची तयारी दाखविली. मनुष्य या वयांत, या हुद्द्यावर, स्वतःच्या खुषीनें सायकल चालवील, ही शक्यता कोणाच्याही मनांत आली नाहीं. आम्ही कोणाला दोष देत नाहीं. तीस वर्षांपूर्वीं आमच्याही मनांत आली नसती.

मग जागा शोधण्याचें काम सुरू झालें. जांवईबापूंचा नकाशा उघडला तों डांबरी रस्ते संपले कीं पुढें कोरा कागद. वाटा आहेत, पण त्या माणसांच्या डोक्यांत आहेत. आणि त्या बाहेर काढावयाच्या म्हणजे विचारावें लागतें. लेखाच्या आरंभीं सांगितलेला संकोच तो येथें आला. त्यांतून वेष चमत्कारिक: डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना काळा चष्मा, हातांत नकाशा. पहिल्याच वस्तीवर प्रश्न आला, "पवनचक्कीवाले का तुमी?" पठारावर पवनचक्क्या उभ्या राहूं लागल्यापासून नकाशा घेऊन हिंडणारा मनुष्य जमीन घेण्यासच आला असावा, अशी लोकांची खूणगांठ बसलेली आहे. "नाहीं, सहज सायकल चालवायला आलों," असें म्हटलें कीं संशय दुणावे. तेव्हां आम्हीं नकाशा खिशांत घातला, हेल्मेट हँडलला अडकविलें, आणि अगोदर चहा घेऊन मग वाट विचारण्याचा परिपाठ ठेविला. हळूहळू वाटा मिळूं लागल्या.

कांहीं गोष्टी सायकलीनेंच शिकविल्या. श्वार्त्सवाल्डांत कांटा असा लागला नव्हता. येथें माळावर सराटे आहेत आणि बांधावर बाभळी. पहिल्या दिवशीं एका मैलांत सात सराटे टायरांत रुतले व सायकल खांद्यावर घेऊन परतावें लागलें. आतां आंत चिकट द्रव घातलेले, ट्यूब नसलेले टायर आहेत. सराटा काढला कीं भोंक आपोआप भरतें. पावसाळ्यांत काळ्या रानांत शिरूं नये. चिकण माती चाकाला अशी बसते कीं चाक फिरण्याचेंच थांबतें. दसऱ्यापासून होळीपर्यंत आपला हंगाम. मोज्यांत कुसळें शिरतात, तीं घरीं बसून एकेक काढावीं. तो वेळ चिंतनास चांगला असतो.

जागाही चांगल्या निघाल्या. गांवाला लागून असलेला हातलादेवीचा डोंगर सकाळच्या तासाभराला पुरेसा आहे. धाराशिवची प्राचीन लेणीं आम्हीं पूर्वीं सहलीच्या गाडींतून पाहिलीं होतीं; पठारावरून येऊन एकाएकीं दरींत उतरणारी वाट कशी त्यांच्या तोंडाशीं नेते, हें आतां पाहिलें. येडशीच्या पश्चिमेस, जेथें बालाघाटाची कड तुटते व खालीं बार्शीकडचें रान पसरतें, तेथें रामलिंगाच्या दरीभोंवतीं अभयारण्य आहे. तेथें वाटेल तसें हिंडतां येत नाहीं, हें योग्यच आहे. २०२४ च्या डिसेंबरांत त्याच अरण्यांत एक वाघ कॅमेऱ्यांत दिसला. तो यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या अभयारण्यांतून, शेंकडों किलोमीटर चालून, आला होता. नदीनाले, शेतें, महामार्ग ओलांडून, कोणास वाट न विचारतां त्यानें चांगली जागा शोधली. आमच्या यादींत पहिला मान त्याचा.

आतांपर्यंत एका जागेचा उल्लेख आम्हीं टाळला. ती शोधण्यास आम्ही २०२३ च्या नोव्हेंबरांत गेलों, आणि खरें पाहतां सायकल घेतांना तीच मनांत होती.

आमचें मूळ गांव बालाघाटाच्या कडेखालीं, जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. वडिलांची शाळा कडेवरच्या गांवांत होती. निजामाच्या काळांत ही कड म्हणजे हद्द. खालीं इंग्रजी मुलूख, वर मोगलाई. मध्यें धड रस्ता असा नव्हताच. तो झाला १९७२ च्या दुष्काळांत. त्या दुष्काळांत सरकारनें कामें काढलीं; १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांत सुमारें पन्नास लक्ष माणसें त्या कामांवर होतीं. त्याच अनुभवांतून पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. आम्ही तेव्हां चार वर्षांचे होतों. आमची आई मास्तरीणबाई म्हणून कामावर गेली नाहीं, पण काकू गेली. ती दिवसभर खडी फोडी, आणि संध्याकाळीं पदराच्या गांठींत बांधून आणलेली सुकडी आम्हां मुलांच्या हातांवर ठेवी. ती आम्हांला फार गोड लागे. हा खाऊ नसून तिचें जेवण होतें, हें कळण्यास बरींच वर्षें लागलीं.

तो घाट झाल्यावर वडील सायकलीनें शाळेस जाऊं लागले. आम्ही लौकरच शिक्षणासाठीं मामांकडे शहरांत गेलों. बाराव्या वर्षीं, एका शनिवारीं, सकाळच्या एस.टी.नें आम्ही गांवीं निघालों होतों. बरोबर वर्गांतला एक मित्र होता, वकिलाचा मुलगा. गाडी घाट उतरत असतां समोरून एक मनुष्य सायकल हातांत धरून चढ चढत येतांना दिसला. हँडलला, दांडीला, कॅरिअरला, जागा मिळेल तेथें मळक्या पिशव्या लोंबत होत्या. धुळींतून तो बाजूला सरला. मित्र हांसून म्हणाला, "हा बोहारी कोण रे?" आम्ही म्हणालों, "कोण जाणे."

वडिलांनीं आम्हांला खिडकींत पाहिलें कीं नाहीं, तें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, व आम्हींही कधीं विचारलें नाहीं. २०११ सालीं ते वारले.

नंतर दुसऱ्या बाजूनें डांबरी रस्ता झाला आणि हा घाट पडून राहिला. नकाशावर तो नाहीं. पायथ्याशीं वेड्या बाभळींत आम्ही त्याचें तोंड शोधीत होतों, तोंच शेरडें घेऊन एक साठीचा मनुष्य आला.

"कुठं निघालाव, सर?"

आम्हीं जुन्या घाटाचें विचारलें.

"दुष्काळी घाट व्हय? हाय की म्होरं. पर त्यानं आता कोन जातंय? शेरडं जात्यात." मग त्यानें आम्ही कोण, कोणाचे, तें विचारलें. आम्हीं वडिलांचें नांव सांगितलें. त्यानें आमच्याकडे पाहिलें, सायकलीकडे पाहिलें, व डोक्यावरचा पटका नीट केला. "गुर्जीचं थोरलं व्हय तुमी? मग तुमाला ठावंच आसंल. ह्या चढावर गुर्जी कदी सायकलीवर बसले न्हाईत."

आम्ही म्हणालों, "चढच तसा आहे, सायकलही जड होती."

तो हांसला. "चढ कसला! गाडीबैलाचा रस्ता त्यो. गुर्जी चढलं आसतं की बसून. पर आमच्या वस्तीवरल्या बारा पोरांची दप्तरं आसायची नव्हं तिला. दुष्काळात पोरं उपाशी, दप्तर घिऊन चढ चढंनात, बसायची वाटंतच. गुर्जी म्हनलं, द्या हिकडं. दुष्काळ सरला, पर दप्तरं तशीच ऱ्हायली. चौथी हुस्तोवर मी काय ह्या घाटानं वझं न्हेलं न्हाई."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्यानें बाभळीची एक फांदी काठीनें बाजूला सारून आम्हांला वाट करून दिली.

घाट अजून धड आहे. दरीच्या बाजूला चुन्याशिवाय रचलेली दगडांची भिंत आहे. ती दोनच ठिकाणीं ढासळली आहे. मुरूम वाहून गेल्यामुळें हातानें फोडलेली खडी वर आली आहे, आणि प्रत्येक खड्याला घणाच्या घावाचा सपाट चेहरा आहे. त्यांतला काकूच्या हातचा कोणता, हें कसें कळणार? वळणें मोठीं, चढ सारखा. युरोपांत नव्वद दिवस हिंडून जी चांगली जागा शोधली ती याहून चांगली नव्हती. गिअर लावून आम्हांला तो सहज चढतां आला असता. आम्ही खालीं उतरलों, आणि सायकल हातीं धरून अडीच मैल चालत वर गेलों. हँडल मोकळें होतें, तरी हात भरून आले.

त्या रात्रीं जांवईबापूंशीं दूरध्वनीवर बोलतांना आम्हीं त्यांस तो घाट नकाशांत भरण्यास सांगितलें. त्यांनीं आपल्या पद्धतीप्रमाणें एकेक प्रश्न विचारला. लांबी? अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. जमीन? मुरूम आणि हातानें फोडलेली खडी. रुंदी? बैलगाडीपुरती, दोन मीटरांहून अधिक, तेव्हां तुमच्या कायद्याचीही हरकत नसावी. नांव? दुष्काळी घाट.

"आणि कठीणपणा, बाबा?"

"उतरतांना एस-एक धरा. चढतांना मात्र खालीं उतरावें लागतें."

"एवढा उभा चढ आहे?"

"नाहीं," आम्हीं सांगितलें, "चढ अगदीं सोपा आहे."